माघ-फाल्गुनातलं लॉन: ठाणे-नवी मुंबईत पहिल्यांदाच हिरवळ सांभाळणाऱ्यांसाठी

माघी गणपतीच्या सकाळी दूर्वा खुडायला मी लॉनच्या कडेला बसते, तेव्हाच मला कळतं की कामाला लागायची वेळ झाली आहे की नाही. पौषात हरळीची पाती निबर असतात, शेंडे तांबूस-पिवळे पडलेले. माघात एखाद्या दिवशी जमिनीलगत आडव्या धावलेल्या कांडीच्या पेरावर फिकट पोपटी फूट दिसते. नखाएवढी असते आणि चिमटीत धरली की अलगद तुटते. ती दिसली की लॉन जागं झालं. आपल्या लॉनमधली हरळी आणि गणपतीची दूर्वा ही एकच वनस्पती आहे, त्यामुळे यासाठी वेगळं कॅलेंडर लागत नाही.

ही वेळ संक्रांतीनंतर येते आणि शिमग्यापर्यंत टिकते. जेमतेम सहा-सात आठवडे. वर्षभर लॉन कसं राहणार हे बहुतांशी याच दिवसांत ठरतं, म्हणून नव्याने लॉन हाती घेतलेल्या प्रत्येकाला मी सांगते की बाकी वर्षभर आळस केलात तरी चालेल, हे आठवडे सोडू नका.

इंटरनेटवर वसंतातल्या लॉनबद्दल जे सल्ले मिळतात ते बहुतेक बर्फ पडणाऱ्या देशांतले असतात. तिथलं गवत वेगळं, आणि वसंतानंतर येणारा उन्हाळाही बराच सौम्य. आपल्याकडे वसंत संपला की एप्रिल-मेचा तडाखा, आणि त्याच्या पाठोपाठ जूनपासून कोसळणारा कोकणातला पाऊस. फेब्रुवारीत आपल्याला गवत वरून हिरवंगार करायचं नसतं, त्याची मुळं खाली उतरवायची असतात. मुळं वीतभर खोल गेली तर मे महिना निभतो. वरच्या दोन इंचांतच राहिली तर रोज दोन वेळा पाणी घालूनही लॉन करपतं. पुढची सगळी कामं या एकाच हेतूने करायची आहेत.

आधी गवत ओळखा

बारीक पात्यांची, जमिनीवर धावणारी, भराभर वाढणारी ती हरळी. नर्सरीत ‘सिलेक्शन नंबर वन’ म्हणून मिळतं ते हिच्याच कुळातलं. गादीसारखं दाट, वर उंचवटे येणारं आणि सावकाश वाढणारं ते कोरियन. कोरियन आणि मेक्सिकन या नावांनी मिळणारं गवत बहुधा झोयशिया जातीचं असतं. खाडीलगतच्या सोसायट्यांत खारं पाणी सोसणारं पास्पलमही लावलेलं दिसतं. ही सगळी उष्ण हवेतली गवतं. रात्रीचा गारवा ओसरला की ती वाढीला लागतात, आणि सगळ्यांनाच भरपूर ऊन लागतं, सहा तास मिळालं तर उत्तम. यांतली हरळी ही शेतकऱ्याची जुनी वैरीण. शेतातून काढता काढता पिढ्या थकल्या. आपल्या अंगणात तिचा तोच चिवटपणा उपयोगी पडतो, म्हणून नवख्याने हरळीपासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. कोरियन दिसतं सुरेख, पण एकदा टक्कल पडलं की भरून यायला महिनोन्‌महिने लागतात.

पहिला दिवस फक्त बघायचा

सकाळी दव असताना अनवाणी एक फेरी मारा. पाय कुठे मऊ पडतो, कुठे टणक लागतं, कुठे ओल साचली आहे ते तळव्यांना लगेच कळतं. मग एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्या आणि दहा-बारा ठिकाणी खुपसून बघा. आदल्या दिवशी पाणी दिलेलं असेल तर तो १५ सेंटिमीटर सहज आत जायला हवा. जात नसेल तर माती घट्ट बसली आहे, किंवा खाली काहीतरी आहे.

खाली काय असू शकतं ते मला पहिल्याच वर्षी कळलं. नेरूळच्या आमच्या रो-हाउससमोर अडीचशे चौरस फुटांचं लॉन आहे. त्यात चटईएवढा एक पट्टा मार्च लागला की पिवळा पडायचा. मी पाणी वाढवलं, खत वाढवलं, कुणीतरी सांगितलं म्हणून कीड मारायचं औषधही आणलं. शेवटी खुरप्याने उकरलं, तर दोन इंच लाल मातीखाली प्लास्टरचा ढिगारा, अर्ध्या विटा आणि सिमेंटच्या गोणीचे तुकडे. ज्याने लॉन बसवून दिलं होतं त्याने डेब्रिज न उचलता त्यावरच माती पसरून गवताच्या चटया अंथरल्या होत्या. एका विटेला गवताची पांढरी मुळं चिकटलेली होती. खाली जायला वाट नाही म्हणून ती आडवी पसरली होती. ते बघून फार वाईट वाटलं. सात घमेली राडारोडा निघाला. तिथे चांगली माती भरली आणि पुढच्या फाल्गुनात तो पट्टा इतर लॉनपेक्षा वेगळा ओळखू आला नाही. म्हणून एकाच जागी गवत पुन्हा पुन्हा मरत असेल तर औषध आणण्याआधी उकरून बघा.

वाशी, नेरूळ, ऐरोलीचा बराच भाग खाडीलगतच्या भरावावर उभा आहे आणि भरावात मुरूम असतो. ठाण्यात घोडबंदर रोडकडे नव्या इमारतींचं लॉन बऱ्याचदा पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर असतं. तिथे मातीचा थरच मर्यादित असतो आणि खाली वॉटरप्रूफिंग असतं. पोडियमवर किंवा गच्चीवर लॉन असेल तर पहार, कुदळ किंवा लांब दात्यांचं हत्यार अजिबात वापरू नका. स्क्रूड्रायव्हरही बेताने. माती किती खोल आहे ते आधी सोसायटीच्या ऑफिसात विचारून घ्या.

खुरप्याने गवताचा एक लहान त्रिकोण कापून उचला आणि बाजूने बघा. हिरवी पाती आणि माती यांच्यामध्ये तपकिरी, काथ्यासारखा थर दिसेल. तो एक सेंटिमीटरपर्यंत असेल तर चांगलंच आहे, ओल धरून ठेवतो. त्याहून जाड असेल तर पाणी आणि खत वरच अडकतं. अशा वेळी दाताळ्याने थोडं दाबून ओढून तो विरळ करायचा. कापलेला त्रिकोण परत जागेवर बसवून पायाने दाबा, तो जगतो.

झाडणं आणि तण

माघात बदामाची लाल पानं गळतात, पर्जन्यवृक्षाची बारीक पानं गवतात जाऊन बसतात, शेजारी आंबा असेल तर मोहोर गळतो. हे सगळं दोन-तीन दिवसांआड उचला. खराट्याने गवत ओरबाडलं जातं, त्यापेक्षा बांबूचं किंवा पातळ तारांचं दाताळं बरं. पालापाचोळा जाळू नका. एका कोपऱ्यात रचा, अधूनमधून पाणी शिंपडा आणि वर मूठभर शेणखत टाका. हेच पुढच्या वर्षीचं खत.

तणात खरी डोकेदुखी एकच, लव्हाळा. गवतापेक्षा भराभर उंच होणारं, चकचकीत पात्यांचं, तीन धारांच्या दांड्याचं रोप दिसलं की तो लव्हाळा, म्हणजेच नागरमोथा. वरून उपटला तर पात हातात येते आणि गाठ खाली राहते. त्या गाठीतून आठवड्याभरात नवी फूट येते. शिवाय या गाठी एका धाग्यात ओवल्यासारख्या एकीला दुसरी जोडलेल्या असतात. आदल्या संध्याकाळी तेवढ्याच जागेवर भरपूर पाणी घाला, सकाळी खुरपं सरळ खाली घालून वीतभर खोलवरून माती सैल करा आणि धागा तुटू न देता गाठी ओढून काढा. काळ्या, सुपारीपेक्षा लहान, सुगंधी गाठी हाताला लागतील. त्या कंपोस्टात टाकू नका. फरशीवर कडक उन्हात पूर्ण वाळवून कचऱ्यात द्या. एका वेळेला दोन हात जागा साफ होते, त्याहून जास्त नाही, आणि महिनाभर तिथे पुन्हा पुन्हा बघावं लागतं. सोपा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

अंबोशी, दुधी, एकदांडी ही बाकीची तणं हाताने निघतात. ती फुलावर येऊन बी धरायच्या आत काढली की झालं.

कापणी: घाई करू नका

थंडीत वाढलेलं निबर गवत एकदम जमिनीलगत छाटायचा मोह होतो. एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीच काढू नका. पानं गेली तर गवत साठवलेली ताकद पुन्हा पानं करण्यात घालवतं आणि मुळांची वाढ थांबते. समजा गवत ९ सेंटिमीटर वाढलंय आणि तुम्हाला ४ वर आणायचंय. मग आधी ६ वर आणा, पाच-सहा दिवस थांबा, मग ४ वर. हरळीला अडीच ते चार सेंटिमीटर उंची मानवते. पहिल्या वर्षी चारवरच ठेवा.

पातं धारदार हवं. कापल्यावर दुसऱ्या दिवशी वाकून टोकं बघा. सरळ कापली असतील तर ठीक. टोकं फाटून पांढुरकी झाली असतील तर मशीनला धार नाही, आणि चार दिवसांत सगळं लॉन राखाडी दिसायला लागेल. अडीचशे-तीनशे चौरस फुटांना हाताने ढकलायचं रिळाचं मशीन पुरतं. कोपऱ्यांना गवताची कात्री. विजेचं मशीन असेल तर ओल्या गवतावर चालवू नका, आधी खडे वेचा आणि पायात बूट घाला. उडालेला खडा डोळ्यापर्यंत येतो.

बारीक कापण पडलं तर पडू द्या, कुजून त्याचंच खत होतं. ढीग झाला असेल तरच उचला.

भोकं पाडा, वर माती घाला

नवखे लोक हेच काम टाळतात, आणि याचाच गुण सगळ्यात जास्त येतो. पाच महिने पाय पडून, मशीन फिरून, पावसाच्या माऱ्याने माती दबून बसलेली असते. मुळांना पाणी लागतं तशीच हवाही लागते. आदल्या दिवशी लॉन भिजवून घ्या. मग काटेरी फावडं, म्हणजे चार दात्यांचा गार्डन फोर्क, आठ-दहा सेंटिमीटर खोल खुपसा, दांडा जरासा मागे रेला आणि काढा. एक वीत सोडून पुन्हा. सगळं लॉन असं विंधून घ्यायचं. मला अडीचशे चौरस फुटांना दोन सकाळी लागतात. पाठ भरून येते, पण दुसऱ्याच पाण्याला फरक दिसतो. आधी जे पाणी वाहून फरशीवर यायचं ते जागीच मुरतं. पोडियमवर मात्र फोर्कऐवजी लहान खुरप्याच्या टोकाने, पाच सेंटिमीटरच्या आतच.

भोकं पडली की त्याच दिवशी माती घालायची. दोन भाग चाळलेली लाल माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. तुमची माती चिकट असेल, ओली असताना हातात लाडू वळला जात असेल, तर आणखी एक भाग रेती. मुरमाड जागेत रेतीची गरज नाही, तिथे खत वाढवा. रेती खाडीची नको, तिच्यात मीठ असतं. दगडाचा चुरा वापरणार असाल तर त्यातली पिठासारखी भुकटी आधी धुऊन काढा, नाहीतर ती सिमेंटसारखी बसते.

थर अर्ध्या सेंटिमीटरचा, जास्त नाही. १०० चौरस फुटांना साधारण ४५ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या तीन बादल्या. बादलीतून मुठीने शिंपडत जा, मग दाताळ्याच्या पाठीने किंवा मऊ झाडूने फिरवा. माती पात्यांमधून खाली भोकांत उतरते. काम झाल्यावर पात्यांची टोकं वर दिसलीच पाहिजेत. गवत पूर्ण झाकलं तर ते गुदमरतं. खोलगट जागा याच वेळी भरा, पण एका खेपेला एक सेंटिमीटरच. उरलेलं पुढच्या महिन्यात.

शेणखत कच्चं असेल तर परत पाठवा. त्यातून तणाचं बी येतं, आणि हुमणीच्या अळ्याही. पिवळा डाग दिसला की नर्सरीवाले हुमणीचं नाव घेतात, म्हणून हेही सांगते की हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर बाहेर पडतात, जमिनीत अंडी घालतात आणि अळ्या मुळं कुरतडतात त्या पावसाळ्यात. फेब्रुवारीतल्या डागाचं कारण बहुधा पाणी, दबलेली माती किंवा खालचा राडारोडा. लहान मुलं आणि कुत्री-मांजरी ज्या गवतावर लोळतात तिथे उगाच विष टाकू नका. कुत्र्याच्या लघवीचा डाग ओळखायला सोपा असतो, मध्ये पिवळा आणि कडेने गर्द हिरवं कडं. लगेच बादलीभर पाणी ओतलं तर डाग पडतच नाही.

खत थोडंच

१०० चौरस फुटांना अर्धा किलो निंबोळी पेंड, भुकटी करून, वरच्या मातीतच मिसळा. पंधरा दिवसांनी पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) खत ५० ग्रॅम १० लिटर पाण्यात घेऊन झारीने तेवढ्याच जागेवर, सकाळी. लगेच वरून साधं पाणी. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा, आणि मार्चअखेर बंद. मूठभर युरिया फेकला की आठ दिवसांत लॉन डोळ्यांत भरतं हे खरं, पण ती लुसलुशीत पाती एप्रिलच्या उन्हात पहिली माना टाकतात.

पाण्याचा हिशेब

बहुतेक लॉनं कमी पाण्याने मरत नाहीत. रोज थोडं थोडं पाणी घातल्याने कमकुवत होतात. रोज संध्याकाळी पाच मिनिटं पाइप फिरवला की वरचा इंचभर भिजतो आणि मुळं तिथेच थांबतात. आठवड्यातून दोनदा, पण वीतभर खोल भिजेल असं पाणी द्या.

मार्चमध्ये आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं. १०० चौरस फुटांना ते २३० लिटर होतं, म्हणजे दर खेपेला ११५. तुमच्या पाइपाने १५ लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून बघा. एका मिनिटात भरत असेल तर १०० चौरस फुटांना एका खेपेला आठ मिनिटं. माझ्या लॉनला आठवड्याला ५८० लिटर लागतं, पाचशे लिटरची टाकी रिकामी करून वर थोडं. मोरबे किंवा भातसा धरणातून आपल्यापर्यंत आलेलं हे पिण्याचं पाणी आहे, याचं भान ठेवा. सोसायटीत सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट असेल तर त्याचं पाणी बागेला मागून घ्या. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी निम्मं साधं पाणी मिसळून चालतं.

बोअरचं पाणी आधी चाखून बघा. खाडीजवळ ते मचूळ असू शकतं. पाणी वाळल्यावर मातीवर पांढरट पापुद्रा आणि पात्यांची टोकं करपलेली दिसली तर ते मीठ आहे. मग महिन्यातून एकदा गोड पाण्याने लॉन खोलवर धुऊन काढायचं, म्हणजे मीठ मुळांच्या खाली जातं. निचरा चांगला असेल तरच याचा उपयोग.

वेळ पहाटेची किंवा सकाळी आठच्या आतली. आपल्या दमट हवेत संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर पात्यांवर राहतं आणि बुरशी धरते. आज पाणी द्यायचं की नाही ते पावलांवरून ठरवा. गवतावरून चालत जा आणि वळून बघा. पाती उठून उभी राहिली तर अजून ओल आहे. पावलांचे ठसे तसेच राहिले आणि गवताला निळसर-करडी झाक आली असेल तर दुसऱ्या सकाळी पाणी.

टकलं भरण्याआधी ऊन मोजा

जानेवारीत इमारतीच्या उत्तर बाजूचं लॉन दिवसभर सावलीत असतं आणि विरळ होतं. तेवढ्यावरून ‘इथे गवत येणारच नाही’ म्हणून फरशी घालू नका. सूर्य रोज थोडा उत्तरेकडे सरकतो, आणि मेच्या मध्यावर तर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. मार्चअखेरीस त्या जागेवर किती तास ऊन पडतं ते मोजा आणि मग ठरवा. चार तासांच्या आत असेल तर गवताचा हट्ट सोडून सावलीतली झाडं लावा.

ऊन असलेलं टक्कल भरायला विकतची चटई लागत नाही. लॉनच्या कडेने फरशीवर आलेली हरळी कापून घ्या, दोन-तीन पेरांचे तुकडे करा, माती खुरपून ओली करा आणि बोटभर खोल, एकमेकांपासून आठ-दहा सेंटिमीटरवर रोवा. एक पेर मातीत, एक बाहेर. पायाने दाबा. पहिले पंधरा दिवस इथे मात्र रोज हलकं पाणी, मग हळूहळू कमी करत दोन दिवसांआड, तीन दिवसांआड. फेब्रुवारीत रोवलेलं गुढीपाडव्यापर्यंत मिळून येतं.

होळी लॉनवर पेटवू देऊ नका. खालची माती भाजली की ती जागा वर्षभर सुधारत नाही. सोसायटीत हा विषय आठ दिवस आधीच काढा आणि होळीसाठी फरशीची जागा ठरवून घ्या. धुळवडीला मुलं खेळणारच, खेळू द्या. त्या दिवशी लॉन चिंब करू नका, ओल्या मातीवर पन्नास पावलं नाचली की पाडलेली सगळी भोकं बुजतात. रंग पडला तर संध्याकाळ व्हायच्या आत साध्या पाण्याने धुऊन टाका.

एप्रिल लागला की मशीनची उंची एक खाच वर करा, म्हणजे पात्यांची सावली मातीवर पडते. भोकं पाडणं, माती घालणं, खत देणं सगळं बंद. पाणी आठवड्यातून तीनदा करा. खताची पिशवी घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवा, ती आता पावसाने उघडीप दिल्यावरच सोडायची.